लॉरेन्स यांचे चक्र

कर्करोग शरीरात कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी पेट स्कॅन करतात. त्याआधी रुग्णाला एक इंजेक्शन दिले जाते. त्यात ग्लुकोजसारख्या द्रव्याला जोडलेले किरणोत्सर्गी फ्लोरिन असते. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होत जाते, त्यामुळे ते औषधांच्या दुकानात साठवून ठेवता येत नाही. ज्या दिवशी रुग्ण तपासायचा त्याच दिवशी ते तयार करून तातडीने रुग्णालयात पोहोचवावे लागते. ते ज्या यंत्रात तयार होते त्याचे नाव सायक्लोट्रॉन. या यंत्राचे जनक अर्नेस्ट ऑर्लँडो लॉरेन्स यांना तरुणपणी डॉक्टर व्हायचे होते. ते झाले भौतिकशास्त्रज्ञ. पण त्यांच्या यंत्रातून निघालेल्या गोष्टी आज जगभरातील रुग्णालयांत रोज वापरल्या जातात. आणि त्याच यंत्राच्या कुळातून अणुबॉम्बचे युरेनियमही निघाले.

लॉरेन्स यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, कॅन्टन नावाच्या लहानशा गावात झाला. घराणे मूळचे नॉर्वेचे. वडील कार्ल हे शाळांचे अधीक्षक, तर आई गुंडा यांनीही लग्नाआधी शिक्षिकेचे काम केले होते. सुमारे अडीच वर्षांनी धाकटा भाऊ जॉन जन्मला. समोरच्याच घरात मर्ल ट्यूव्ह नावाचा मित्र राहत असे. दोघा पोरांना बिनतारी संदेशांचे वेड होते. तारा, बॅटऱ्या, जुने सुटे भाग जमवून ती यंत्रे जुळवत. हा ट्यूव्हही पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला आणि एका अवघड प्रसंगी लॉरेन्स यांना खोडून काढणाऱ्यांत तोही होता.

कॉलेजच्या खर्चासाठी लॉरेन्स यांनी शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन अ‍ॅल्युमिनियमची भांडी विकली. अनोळखी माणसाला आपली वस्तू हवीशी वाटायला लावण्याची ती शिकवणी त्यांना जन्मभर पुरली. साउथ डकोटा विद्यापीठात वैद्यकाच्या तयारीचे विषय घेऊन ते दाखल झाले होते. तिथे लुइस एकली या प्राध्यापकांनी त्यांची भौतिकशास्त्राची गती ओळखली आणि त्यांना त्या वाटेला लावले. १९२५ मध्ये येल विद्यापीठातून पीएचडी मिळवून १९२८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील बर्कले येथे आले. वयाच्या २९ व्या वर्षी ते तिथले सर्वांत तरुण पूर्ण प्राध्यापक झाले होते.

त्या काळी अणूच्या गाभ्यात काय आहे हा मोठा प्रश्न होता. रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये नायट्रोजनच्या अणुकेंद्रकावर अल्फा कणांचा मारा करून त्यातून प्रोटॉन बाहेर काढला होता. केंद्रक फुटते, हे कळले. पण हे अल्फा कण रेडियमसारख्या नैसर्गिक पदार्थांतून येत. ते मोजके, आणि त्यांचा वेगही ठरलेला. जड अणूंच्या केंद्रकावरचा धन विद्युतभार इतका प्रबळ असतो की असे कण जवळ जाण्याआधीच परत फिरतात. अधिक जोराचे कण हवे असतील तर लाखो व्होल्टचा दाब लागणार, आणि इतक्या दाबाला कोणतीही काच, कोणतेही चिनीमातीचे नळकांडे टिकत नव्हते. ठिणगी पडून सगळे फुटून जाई.

१९२९ मध्ये एका संध्याकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात लॉरेन्स यांच्या हाती एक जर्मन नियतकालिक आले. त्यात रॉल्फ विडरो या नॉर्वेजियन अभियंत्याचा लेख होता. लॉरेन्स यांना जर्मन धड येत नव्हते. पण आकृती आणि समीकरणे पुरेशी होती. एकदम मोठा दाब देण्याऐवजी एकामागे एक ठेवलेल्या नळ्यांमधून कणाला पुन्हा पुन्हा लहान धक्के द्यायचे, असे ते तंत्र होते. मात्र मोठा वेग हवा तर नळ्यांची रांग फार लांब होणार. मग कणाला सरळ नेण्याऐवजी चुंबकाच्या साहाय्याने गोल फिरवले तर? एकच जागा, तोच धक्का, पण हजार वेळा.

झोक्यावर बसलेल्या मुलाला दर हेलकाव्याला हलकेच ढकलले तरी झोका उंच उंच जातो. फक्त ढकलण्याची वेळ अचूक साधावी लागते. सायक्लोट्रॉनचे तसेच आहे. मध्यभागी कण सोडायचा. चुंबक त्याला वळवत राहतो. अर्ध्या फेरीगणिक विजेचा एक धक्का मिळतो, वेग वाढतो आणि फेरी मोठी होते. निसर्गाची कृपा अशी, की फेरी मोठी झाली तरी वेगही तेवढाच वाढलेला असल्याने प्रत्येक फेरीला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे धक्क्याची लय बदलावी लागत नाही. कण चकलीसारखा बाहेर बाहेर जातो आणि शेवटी काठाशी ठेवलेल्या लक्ष्यावर आदळतो.

पितळ, तार आणि लाख वापरून केलेली पहिली प्रतिकृती तळहातावर मावेल एवढी होती. विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन यांनी जानेवारी १९३१ मध्ये साधारण साडेचार इंच व्यासाच्या चकतीत २,००० व्होल्टपेक्षा कमी दाब वापरून कणांना ८०,००० व्होल्टची ऊर्जा मिळवून दिली. पुढच्या वर्षी ११ इंची यंत्राने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्याच सुमारास एका तारायंत्र कंपनीकडे ८० टनांचा एक चुंबक निरुपयोगी होऊन पडला होता. लॉरेन्स यांनी तो मिळवला आणि विद्यापीठाच्या एका मोडकळीस आलेल्या लाकडी इमारतीत नेऊन बसवला. तीच त्यांची रेडिएशन लॅबोरेटरी. १९३२ मध्ये त्यांनी मॉली ब्ल्यूमर यांच्याशी लग्न केले. मॉली यांचे वडील येलच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता राहिले होते. त्यांना पुढे सहा मुले झाली.

प्रयोगशाळेत यंत्र रात्रंदिवस चाले. पाळ्या लावलेल्या असत. यंत्र बंद पडले की लॉरेन्स अस्वस्थ होत. पण यंत्र मोठे करण्याच्या घाईत ते काय दाखवते आहे याकडे दुर्लक्ष होई. १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कमी ऊर्जेच्या साध्या यंत्राने लिथियमचे केंद्रक फोडून दाखवले. बर्कलेच्या यंत्रात ती ताकद आधीपासून होती, पण मोजमापाची साधने तयार नव्हती. १९३४ च्या आरंभी पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला. ती बातमी येताच बर्कलेच्या मंडळींनी यंत्र बंद केल्यावर गायगर काउंटर चालू ठेवून पाहिला, तर तो टकटक करतच राहिला. आजवर सायक्लोट्रॉन आणि काउंटर एकाच बटनावर जोडलेले होते. यंत्र बंद की काउंटरही बंद. नोबेलच्या तोडीचा शोध त्या बटनामुळे निसटत राहिला होता.

त्याहून बोचणारा प्रसंग १९३३ चा. जड हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी, ज्याला ड्यूटेरॉन म्हणतात, ते कोणत्याही धातूवर आदळवले तरी सारख्याच वेगाचे प्रोटॉन बाहेर येत होते. लॉरेन्स यांनी निष्कर्ष काढला की आदळणारा ड्यूटेरॉनच फुटतो आणि त्याचे तुकडे बाहेर पडतात. ब्रसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत त्यांनी तो ठामपणे मांडला. युरोपातल्या दिग्गजांना तो पटला नाही. पुढे केंब्रिजच्या आणि वॉशिंग्टनमधल्या ट्यूव्ह यांच्या गटाने कारण दाखवून दिले. जड हायड्रोजन सगळ्याच लक्ष्यांवर चिकटून बसत होता आणि ड्यूटेरॉन त्या चिकटलेल्या ड्यूटेरॉनवर आदळत होते. लॉरेन्स यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. रागावून न बसता ते मापन अधिक चोख करण्याच्या मागे लागले. केंद्रकांच्या टकरीतून आलेला तुकडा नेमका कोणाचा, आदळणाऱ्याचा की लक्ष्याचा, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके त्या प्रयोगशाळेचा सोबती राहिला.

दरम्यान धाकटे भाऊ जॉन हार्वर्डमधून डॉक्टर झाले होते. १९३५ च्या उन्हाळ्यात ते बर्कलेला आले आणि न्यूट्रॉनच्या झोतात माणसे किती बेफिकीरपणे वावरतात हे पाहून चमकले. एका छोट्या नळकांड्यात उंदीर ठेवून तो यंत्राजवळ नेला. काही मिनिटांनी बाहेर काढला तर मेलेला. सगळ्यांच्या पोटात गोळा आला आणि यंत्राभोवती पाण्याच्या टाक्यांची भिंत उभी राहिली. नंतर कळले की नळकांड्यात हवा पुरेशी जात नव्हती. उंदीर गुदमरून मेला होता. पण त्या गैरसमजाने कितीतरी तरुण संशोधकांचे आयुष्य वाचले असणार.

त्यानंतर जॉन यांनी सायक्लोट्रॉनमध्ये तयार झालेले किरणोत्सर्गी फॉस्फरस हाती घेतले. हे फॉस्फरस हाडांत आणि अस्थिमज्जेत जमते, म्हणजे जिथे रक्तपेशी जन्मतात तिथेच. २४ डिसेंबर १९३६ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका तरुण रुग्णाला ते दिले. माणसाने बनवलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याने केलेला हा पहिला उपचार. रक्ताच्या कर्करोगात त्याचा गुण मर्यादित ठरला. पण ज्या आजारात लाल पेशी बेसुमार वाढून रक्त घट्ट होते, त्या पॉलिसायथेमियात हा उपचार कित्येक वर्षे वापरला गेला. पुढे दीर्घकाळ पाहणी केल्यावर त्यातून रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही ध्यानात आले आणि त्याचा वापर कमी झाला.

त्याच काही वर्षांत या यंत्रांनी वैद्यकाला एकेक भेट दिली. बर्कलेहून पाठवलेल्या, कणांचा मारा खाल्लेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीत १९३७ मध्ये इटलीत पेरिए आणि सेग्रे यांना टेक्नेशियम हे नवे मूलद्रव्य सापडले. हाडांचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा स्कॅन आज बहुतेक वेळा त्याच्याच एका प्रकारावर होतो. १९३८ मध्ये लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी आयोडिन-१३१ शोधले; थायरॉइडच्या कर्करोगात आणि ग्रंथी अति काम करू लागल्यावर ते आजही देतात. १९४० मध्ये केमेन आणि रुबेन यांनी कार्बन-१४ मिळवले.

१९३७ च्या अखेरीस लॉरेन्स कुटुंबावर संकट आले. आई गुंडा यांना गर्भाशयाच्या भागात कर्करोग झाल्याचे निदान झाले. प्रसिद्ध मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया शक्य नाही आणि हाती फार दिवस नाहीत असे सांगितले. जॉन त्यांना सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन आले. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात डेव्हिड स्लोन यांनी लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत रचलेले दहा लाख व्होल्टचे क्ष-किरण यंत्र होते. किरणोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्टोन यांनी त्यावर उपचार केले. त्या काळच्या नेहमीच्या यंत्रांचे किरण कातडी भाजून थांबत. हे किरण खोलवर पोहोचत. गाठ विरघळत गेली आणि गुंडा पुढे अनेक वर्षे जगल्या. त्या सायक्लोट्रॉनच्या झोताने बऱ्या झाल्या असे कधी कधी सांगितले जाते. ते खरे नाही. त्यांना बरे केले ते क्ष-किरणांनी. पण आईचे दुखणे समोर पाहिलेल्या दोन्ही भावांची किरणांवरची श्रद्धा यानंतर अढळ झाली.

ही श्रद्धा सगळ्यांनाच फळली नाही. सप्टेंबर १९३८ पासून स्टोन आणि जॉन लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉनच्या न्यूट्रॉन झोताने कर्करोगाचे रुग्ण तपासायला आणि उपचारायला सुरुवात केली. पुढे ६० इंची मोठे यंत्र आले. १९४३ पर्यंत सुमारे २५० जणांवर हे उपचार झाले. त्यांतले बहुतेक रुग्ण अखेरच्या टप्प्यावरचे होते. अनेकांच्या गाठी आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आटल्या. पण जे काही थोडे रुग्ण वर्षानुवर्षे जगले, त्यांच्या त्वचेचे आणि आतल्या ऊतींचे हळूहळू भयंकर नुकसान होत गेले. १९४८ मध्ये स्टोन यांनी सगळा हिशेब प्रामाणिकपणे मांडला आणि हा उपचार पुढे चालवू नये असे मत दिले.

असे का झाले, हे पुढच्या काळात उलगडले. क्ष-किरण पेशीतून जाताना विरळ ओरखडे काढतात. निरोगी पेशी मधल्या वेळात ते सांधून घेते. न्यूट्रॉन पेशीतल्या हायड्रोजनला धडकून प्रोटॉन उडवतो, कधी कार्बन आणि ऑक्सिजनची केंद्रके फोडून त्यांचे जड तुकडे उडवतो. हे तुकडे अगदी थोड्या अंतरात दाट जखम करतात. ती सांधता येत नाही आणि प्रत्येक बैठकीत साठत जाते. क्ष-किरणांच्या मात्रेवरून बांधलेला अंदाज इथे चुकला. मात्रा जास्त झाली होती. औषध तेच की विष, हे मात्रेवर ठरते, हा वैद्यकातला जुना धडा भौतिकशास्त्राच्या वाटेनेही शिकावा लागला.

१९३९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल लॉरेन्स यांना मिळाले. युद्ध सुरू झाल्याने ते स्वीडनला जाऊ शकले नाहीत. समारंभ बर्कलेतच झाला. त्यांना आता १८४ इंची यंत्र हवे होते. १९४० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने त्यासाठी साडेअकरा लाख डॉलर दिले. पण तो प्रचंड चुंबक आधी दुसऱ्याच कामाला जुंपला गेला. युरेनियमच्या दोन जवळपास सारख्या रूपांतून बॉम्बला लागणारे हलके रूप वेगळे काढण्याची पद्धत लॉरेन्स यांनी त्यावर बसवली. टेनेसीतील ओक रिज येथे अशा यंत्रांचे कारखाने उभे राहिले. तांब्याची टंचाई असल्याने चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातली हजारो टन चांदी उसनी आणली गेली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधील युरेनियम या यंत्रांतून गेलेले होते. बॉम्ब कसा वापरावा याबद्दल सल्ला देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत लॉरेन्स होते. आधी निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवावे या बाजूला त्यांचा कल होता; शेवटी चौघांनी मिळून थेट वापराला दुसरा पर्याय दिसत नाही असे कळवले आणि त्यावर त्यांचेही नाव होते.

युद्धानंतर १९४६ मध्ये १८४ इंची यंत्र त्याच्या मूळ कामाला लागले. त्यात ड्यूटेरॉन फिरवून लक्ष्यावर आपटले की त्यातला प्रोटॉन लक्ष्यात अडकून न्यूट्रॉन तसाच पुढे निसटे, जवळपास पहिल्याच वेगाने. म्हणजे १९३३ मध्ये चुकीच्या पुराव्यावर केलेली कल्पना, की आदळणारे केंद्रकच फुटावे, अधिक ऊर्जेला खरोखर घडत होती. रॉबर्ट सर्बर यांनी १९४७ मध्ये त्याचे गणित मांडले.

१९४८ च्या आरंभी ब्राझीलचे सेझार लाटेस बर्कलेला आले. आदल्याच वर्षी ब्रिस्टलच्या पॉवेल यांच्या गटाने अंतराळातून येणाऱ्या किरणांत पायॉन हा नवा कण शोधला होता आणि लाटेस त्या गटात होते. बर्कलेच्या यंत्रात ३८ कोटी व्होल्ट ऊर्जेचे अल्फा कण कार्बनवर आदळत होते. लाटेस आणि यूजीन गार्डनर यांनी योग्य प्रकारच्या फोटोपट्ट्या लावताच त्यांत पायॉनच्या रेषा उमटल्या. ते कण तिथे बऱ्याच काळापासून तयार होत होते. दिसत नव्हते एवढेच. माणसाने यंत्रात घडवलेला हा पहिला पायॉन. हा कण कार्बनमध्ये आधीपासून दडलेला नव्हता, तर टकरीच्या ऊर्जेचेच वस्तुमान झाले होते. गंमत अशी की एकेकट्या प्रोटॉनच्या वाट्याला आलेली ऊर्जा त्याला अपुरी होती. पण केंद्रकातले कण स्थिर नसतात, ते आतल्या आत धावत असतात. समोरून धावत आलेला आणि आदळणारा यांच्या वेगांची बेरीज होऊन उणीव भरून निघाली.

गार्डनर यांच्या वाट्याला हा आनंद फार काळ आला नाही. बॉम्बच्या कामात असताना त्यांच्या फुप्फुसांत बेरिलियम धातूची धूळ गेली होती. बेरिलियमने फुप्फुसे हळूहळू कठीण होत जातात. धाप वाढत गेली आणि १९५० मध्ये, चाळिशीही न गाठता, ते वारले. केंद्रक फोडणाऱ्यांना किरणांचेच भय असते असे नाही. साधी धूळही जीव घेते.

लॉरेन्स यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये एक महत्त्वाची कल्पना मांडली होती. क्ष-किरण शरीरात शिरल्यापासून शक्ती सांडत जातात आणि गाठीच्या पलीकडेही जातात. प्रोटॉन मात्र वाटेत थोडीच ऊर्जा खर्च करून थांबण्याच्या जागी सगळी ओततो. वेग नेमका ठेवला तर ती जागा गाठीतच येईल. १९५४ मध्ये जॉन लॉरेन्स आणि कॉर्नेलियस टोबायस यांनी १८४ इंची यंत्रावर पहिल्यांदा रुग्णावर प्रोटॉन वापरला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांमध्ये, संप्रेरके थांबवण्यासाठी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीवर तो झोत दिला. डोके न उघडता केलेली ती एक प्रकारची शस्त्रक्रियाच होती.

अर्नेस्ट लॉरेन्स मात्र या काळात शस्त्रांच्या राजकारणात अधिकाधिक गुंतत गेले. हायड्रोजन बॉम्बचे ते पुरस्कर्ते होते. १९५२ मध्ये एडवर्ड टेलर यांच्यासह त्यांनी लिव्हरमोर येथे दुसरी शस्त्र प्रयोगशाळा उभी केली. एकेकाळचे जिवलग मित्र ओपेनहायमर यांच्याशी त्यांचे फाटले. १९५४ मध्ये ओपेनहायमर यांच्या चौकशीत साक्ष द्यायला ते जाणार होते. पण मोठ्या आतड्याचा जुना आजार उसळल्याने गेले नाहीत.

हा आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात, रक्ताचे जुलाब होतात, ताप येतो, वजन घटते. मनावरच्या ताणाने हा आजार होतो असे पूर्वी मानत. आज तसे मानत नाहीत; शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अस्तरावर उलटते. ताणाने तो उसळू शकतो इतकेच. त्या वेळी स्टिरॉइडचा उपयोग होतो हे नुकतेच सिद्ध झाले होते. आजची पुढची औषधे नव्हती. विश्रांती हा मुख्य उपाय, आणि लॉरेन्स यांना नेमकी तीच जमत नव्हती.

जुलै १९५८ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यांना जिनिव्हाला जायला सांगितले. अणुचाचण्या बंद केल्या तर चोरून केलेली चाचणी ओळखता येईल का, यावर सोव्हिएत तज्ज्ञांशी बोलणी होती. तब्येत बरी नसतानाही ते गेले. तिथे आजार विकोपाला गेला. त्यांना घाईने परत आणून पालो अल्टोच्या रुग्णालयात दाखल केले. शल्यविशारदांनी मोठ्या आतड्याचा बराचसा भाग काढला. रक्तवाहिन्यांचाही गंभीर आजार आढळला. २७ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बॉम्बच्या कामापासून सुरू झालेली त्यांची सरकारी सेवा चाचण्या थांबवण्याच्या बोलण्यांत संपली.

त्यांच्या मागे यंत्रे मोठी होत गेली आणि आदळणारे कण जड होत गेले. १९६१ मध्ये बर्कलेत कॅलिफोर्नियमवर बोरॉनची केंद्रके आदळवून १०३ क्रमांकाचे मूलद्रव्य घडवले गेले. त्याला लॉरेन्सियम नाव दिले. १९७४ मध्ये दोन यंत्रे जोडून बेव्हालॅक तयार झाले. त्यात कार्बन, निऑन आणि पुढे त्याहून जड केंद्रके प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने एकमेकांवर आपटता आली. तेव्हा टकरीचे चित्र स्पष्ट झाले. दोन केंद्रके अगदी समोरासमोर न येता थोडी बाजूने घासली, तर एकमेकांच्या वाटेत आलेला भाग तापून उकळतो आणि त्यातून पायॉनसारखे नवे कण उडतात. बाजूला राहिलेला भाग जणू बघ्यासारखा, फुटलेल्या अवस्थेत, पहिल्याच दिशेने आणि जवळजवळ पहिल्याच वेगाने पुढे जातो. आदळणाऱ्याचे तुकडे आणि लक्ष्याचे तुकडे त्यांच्या वेगावरूनच वेगळे ओळखता येतात. १९३३ ला लॉरेन्स यांना ज्याने चकवले, त्याचे उत्तर इथे मिळाले.

डॉक्टरांसाठी हा निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हता. बर्कलेत १९७५ पासून १९९२ पर्यंत हेलियमहून जड केंद्रकांनी, मुख्यतः निऑनने, चारशेहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. जड केंद्रक गाठीत थांबते आणि दाट जखम करून हट्टी पेशी मारते, हा फायदा. पण शरीर हेसुद्धा केंद्रकांनीच भरलेले आहे. वाटेत काही कण शरीरातल्या केंद्रकांना धडकून फुटतात. त्यांचे हलके तुकडे गाठीशी थांबत नाहीत. ते पलीकडे जाऊन निरोगी ऊतीत थोडी मात्रा सोडतात. गाठ जितकी खोल, तितके हे फुटणे जास्त. फार खोल गाठीपर्यंत पोहोचेतो निम्म्याहून अधिक कार्बन फुटलेला असू शकतो. निऑन त्याहून जड असल्याने त्याचे शेपूट अधिक जाड. म्हणून १९९४ मध्ये जपानने चिबा येथे उपचार सुरू केले तेव्हा कार्बन निवडला. आता उपचाराची आखणी करताना संगणक प्रत्येक प्रकारच्या तुकड्याचा हिशेब धरतो. मज्जारज्जू किंवा डोळ्याची नस गाठीच्या लगेच मागे असेल, तर हा हिशेब रुग्णाच्या चालण्याचा आणि दिसण्याचा असतो. फुटण्याचा एक उपयोगही आहे: काही तुकडे किरणोत्सर्गी कार्बनचे असतात आणि पेट कॅमेऱ्याने पाहून झोत नेमका कुठे थांबला हे तपासता येते.

भारताशी लॉरेन्स यांचा धागा थेट आहे. मेघनाद साहा यांचे विद्यार्थी बसंतीदुलाल नागचौधुरी यांनी बर्कलेत लॉरेन्स यांच्या हाताखाली पीएचडी केली आणि युद्धाच्या धामधुमीत कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारण्याचा उद्योग आरंभला. निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले आणि काम वर्षानुवर्षे रखडले. पुढे बर्कलेच्याच धर्तीचे मोठे यंत्र कोलकात्यात १९७७ मध्ये चालू झाले. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या केंद्रात प्रोटॉन उपचारही सुरू झाले आहेत. तिथला झोत सायक्लोट्रॉनमधूनच येतो. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये शिशाची केंद्रके आपटून सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमान निर्माण करणाऱ्या अ‍ॅलिस प्रयोगात कोलकात्याच्या संस्था आहेत, तशी मुंबईची आयआयटीही आहे.

लॉरेन्स यांच्या निधनानंतर बर्कले आणि लिव्हरमोर या दोन्ही प्रयोगशाळांना त्यांचे नाव देण्यात आले. बर्कलेत शस्त्रांचे काम होत नाही, लिव्हरमोर अण्वस्त्रांची. १९८० च्या दशकात मॉली लॉरेन्स यांनी शस्त्र प्रयोगशाळेवरून आपल्या पतीचे नाव काढावे म्हणून विद्यापीठाकडे आणि नंतर सरकारकडेही वारंवार मागणी केली. ती मान्य झाली नाही. २००३ मध्ये त्या वारल्या, तेव्हाही नाव तिथेच होते. आजही आहे. आणि खारघरमध्ये एखाद्या लहान मुलाच्या मेंदूतल्या गाठीवर प्रोटॉनचा झोत जेव्हा अचूक थांबतो, तेव्हा तिथे लॉरेन्स यांचे नाव कुठेही लिहिलेले नसते.